जुना राऊटर अजून चालतोय? मग आधी एवढं तपासून घ्या

राऊटर बिघडल्याशिवाय त्याच्याकडे कोणी बघत नाही. नेट चालतंय, लाईट हिरवे आहेत, मग कशाला हात लावायचा. फोन तीन-चार वर्षांत बदलला जातो, लॅपटॉप रोज अपडेट मागत बसतो, पण कोपऱ्यात धूळ खात पडलेला तो डबा आठ-आठ दहा-दहा वर्षं तसाच असतो, आणि घरातल्या प्रत्येक फोनचा, टीव्हीचा, कॅमेऱ्याचा सगळा डेटा त्याच्यातूनच जातो.

आता जुना झाला म्हणजे नक्की काय होतं ते आधी बघू. वायर आणि चिप एवढ्या लवकर झिजत नाहीत, प्रॉब्लेम आतल्या फर्मवेअरचा, म्हणजे राऊटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. राऊटर हा एक छोटा कॉम्प्युटरच आहे आणि बहुतेक राऊटरमध्ये लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये सात कंपन्यांचे १२७ घरगुती राऊटर तपासले, तर त्यातल्या ४६ राऊटरना त्याआधीच्या वर्षभरात एकही सिक्युरिटी अपडेट मिळालेला नव्हता, आणि एक तृतीयांशाहून जास्त राऊटर लिनक्सच्या २.६.३६ किंवा त्याच्याही आधीच्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) चालत होते, ज्याचा शेवटचा सिक्युरिटी अपडेट २०११ मध्ये आला होता! आणि हे त्या वेळी बाजारात असलेले राऊटर होते, माळ्यावरचे नाहीत.

अपडेट येत नाहीत त्या काळात सिक्युरिटीतली जी भोकं सापडतात ती जाहीर होतात, त्यांना नंबर मिळतो, कुठल्या मॉडेलला काय पाठवलं की ते ताब्यात येतं हे कोणालाही वाचता येतं. त्यामुळे हल्ला करणारा फार हुशार असायची गरजच उरत नाही.

इथे हमखास विचारलं जातं, "माझ्या घरच्या राऊटरमध्ये कोणाला काय इंटरेस्ट असणार?" कोणालाच नाही. तुम्हाला कोणी शोधत नाही, प्रोग्राम सगळ्यांनाच शोधतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं, ते चांगल्या लाईनवर हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाळतं. म्हणजे तुमचा राऊटर लिस्टमध्ये यायला नशीब वगैरे काही लागत नाही.

ताब्यात आल्यावर त्याचा उपयोग काय तर भाड्याने देणे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एनीप्रॉक्सी आणि फाइव्हसॉक्स या दोन सेवा बंद पाडल्या, त्यांचा धंदाच हा होता की सपोर्ट संपलेल्या जुन्या राऊटरमध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर घालायचं आणि त्या घरांचं कनेक्शन पैसे घेऊन दुसऱ्यांना वापरायला द्यायचं. गुन्हा करणारा कुठेतरी लांब बसलेला आणि पत्ता दिसतो तुमच्या घरचा. त्यासोबतच्या सूचनेत मुख्यतः लिंक्सिसची जुनी मॉडेल्स होती आणि सल्ला सरळ होता, बदलून टाका, नाही जमलं तर निदान रिमोट अॅडमिनिस्ट्रेशन बंद करून रिबूट करा.

बरं, आता कामाला लागू.

राऊटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर कंपनी, मॉडेल नंबर आणि बारीक अक्षरात हार्डवेअर व्हर्जन लिहिलेलं असतं, व्ही१, व्ही२, रेव्ह बी असं काहीतरी. या व्हर्जनकडे दुर्लक्ष करू नका, कारण नाव एकच असलं तरी व्ही१ आणि व्ही३ मध्ये आतली चिपच वेगळी असू शकते, एकाचा सपोर्ट संपलेला आणि दुसऱ्याचा चालू असंही होतं, आणि एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घातलं की राऊटर कायमचा मरू शकतो. फोटो काढून ठेवा.

मग कंपनीच्या साईटवर सपोर्ट सेक्शनमध्ये जाऊन ते मॉडेल त्या व्हर्जनसकट शोधा. दोन गोष्टी बघायच्या, शेवटचं फर्मवेअर कुठल्या तारखेचं आहे, आणि त्या मॉडेलवर 'एंड ऑफ लाईफ', 'एंड ऑफ सपोर्ट', 'डिसकंटिन्यूड' असं काही लिहिलंय का. डिसकंटिन्यूड म्हणजे विक्री बंद, त्यानंतरही काही कंपन्या थोडी वर्षं अपडेट देतात, एंड ऑफ सपोर्ट म्हणजे मात्र संपलं. कुठेच काही लिहिलेलं नसेल पण शेवटचं फर्मवेअर तीन-चार वर्षांपूर्वीचं असेल तर मी तरी तो राऊटर संपला असंच धरतो.

आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. राऊटरच्या पेजवर 'चेक फॉर अपडेट' बटण असतं, ते दाबलं की मेसेज येतो की तुमचं फर्मवेअर लेटेस्ट आहे, आणि माणूस निवांत होतो. अहो, लेटेस्ट म्हणजे कंपनीने शेवटचं काढलेलं. ते २०१६ चं असलं तरी मेसेज हाच येणार! राऊटर सहसा स्वतःहून सांगत नाही की माझा सपोर्ट संपलाय. म्हणून बटणावर विश्वास ठेवू नका, तारीख बघा.

अर्थात तारीख नवी असली तरी आतले सगळे भाग नवे असतीलच असं नाही. २०१४ मध्ये चेक पॉइंट कंपनीने 'मिसफॉर्च्युन कुकी' नावाचं भोक जाहीर केलं, राऊटरचं सेटिंग पेज दाखवणाऱ्या रॉमपेजर नावाच्या छोट्या वेबसर्व्हरमधलं, आणि जगभरात सुमारे १.२ कोटी डिव्हाइसमध्ये ते निघालं. आता गंमत बघा, रॉमपेजर बनवणाऱ्यांनी ती चूक २००५ मध्येच सुधारलेली होती. चिपवाल्याने जुनी कॉपी घेतली, राऊटर कंपनीने चिपवाल्याकडून तीच घेतली, आणि सुधारलेली आवृत्ती नऊ वर्षं घरापर्यंत पोचलीच नाही. म्हणून जी कंपनी नियमित अपडेट काढते तिचाच राऊटर घ्यावा, स्पीडचे आकडे नंतर बघावेत.

तर सपोर्ट संपला असेल तर निर्णय झालेला आहे, राऊटर बदलायचा. खाली जे सांगतोय ते अशा राऊटरसाठी फक्त नवीन येईपर्यंतची सोय. सपोर्ट चालू असेल तर मात्र हे सगळं नीट करा, बऱ्यापैकी सेफ व्हाल.

सेटिंग पेज उघडायला राऊटरचा पत्ता लागतो. बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग टाका आणि 'डिफॉल्ट गेटवे' बघा, फोनवर वायफायच्या डिटेल्समध्ये गेटवे किंवा राऊटर या नावाने दिसतो. हा पत्ता ब्राउझरच्या अॅड्रेस बारमध्येच टाका, सर्चमध्ये नको, कारण सर्चमध्ये राऊटर लॉगिनच्या नावाने भलत्याच साईट वर येतात.

आत गेलात की पहिलं काम अॅडमिन पासवर्ड. हा वायफायचा पासवर्ड नाही, सेटिंग पेजचा आहे, दोन्हीत लोक कायम गोंधळ करतात. जुन्या राऊटरमध्ये तो अॅडमिन-अॅडमिन किंवा अॅडमिन-१२३४ असतो आणि तसाच राहतो. २०१६ मधलं मिराय नावाचं मालवेअर आठवतंय का? त्याच्यात कसलंही भारी हॅकिंग नव्हतं, कंपनीने दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठ-एक जोड्यांची यादी होती आणि ते टेलनेटवर (लांबून लॉगिन करायच्या जुन्या सोयीवर) एकेक जोडी लावून बघायचं, बस. तेवढ्यावर कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे), राऊटर असे लाखो डिव्हाइस ताब्यात गेले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी डाइन या डीएनएस (साईटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर एवढा ट्रॅफिक मारला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट कित्येक तास अडखळत होत्या.

"पण माझं सेटिंग पेज बाहेरून उघडतच नाही, मग पासवर्ड कशाला बदलू" असं म्हणू नका. तुम्ही एखादी खराब वेबसाईट उघडली तर त्या पेजमधला कोड तुमच्याच ब्राउझरमधून १९२.१६८.१.१ ला रिक्वेस्ट पाठवू शकतो, म्हणजे हल्ला घराच्या आतूनच होतो, आणि पासवर्ड डिफॉल्ट असेल तर जुना राऊटर निमूटपणे ऐकतो. २०१८ ला मुख्यतः ब्राझीलमधल्या एक लाखाहून जास्त राऊटरचे डीएनएस बदलले गेले, त्यात डिफॉल्ट आणि सोपे पासवर्ड लावून बघणं हीच मुख्य युक्ती होती. तेव्हा मोठा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा, कागदावर लिहून घरात ठेवलात तरी चालेल, मला त्यात काही वाईट वाटत नाही, चोर कागद शोधत घरात येत नाही. आणि काम झालं की लॉगआउट करा.

मग फर्मवेअर. फाइल फक्त कंपनीच्या साईटवरून घ्या, मॉडेल आणि व्हर्जन पुन्हा एकदा जुळवा, आधी सध्याच्या सेटिंगचा बॅकअप घ्या, आणि अपडेट शक्यतो केबल लावून करा, वायफायवरून नको. चालू असताना लाईट गेली किंवा कोणी प्लग काढला तर पंचाईत, त्यामुळे घरात सांगून ठेवा. ऑटो अपडेटचा पर्याय असेल तर चालू करून टाका, रात्री दोन मिनिटं नेट गेलं तर काय बिघडतंय.

आता बंद करायच्या गोष्टी, यात जरा वेळ द्या.

रिमोट मॅनेजमेंट, कुठे कुठे याला 'रिमोट अॅक्सेस' किंवा 'वेब अॅक्सेस फ्रॉम वॅन' म्हणतात, वॅन म्हणजे बाहेरचं इंटरनेट, हे बंदच पाहिजे. घराबाहेरून राऊटरची सेटिंग बदलायची वेळ किती जणांवर येते? टेलनेट आणि एसएसएच दिसलं तर तेही बंद.

डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून वायफाय जोडायची सोय. बटण एकवेळ ठीक, पिन भयंकर. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं ना, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि राऊटर पिनचे दोन भाग करून पहिले चार बरोबर आहेत का ते वेगळं सांगून टाकतो. म्हणजे आकड्यांच्या कुलपाने अर्धे आकडे जुळल्यावर 'टक' आवाज करून सांगावं तसं. पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,००० अशा फक्त ११,००० शक्यता उरतात, काही तासांत सापडते. श्टेफान फीबॉक या सिक्युरिटी संशोधकाने हे २०११ मध्ये जाहीर केलं. त्यानंतरच्या राऊटरमध्ये चुकीच्या पिनवर थांबवायची सोय आली, जुन्यांचा मात्र भरवसा नाही. तुमचा वायफाय पासवर्ड पंचवीस अक्षरांचा असला तरी पिन चालू असेल तर त्याचा उपयोग शून्य. काही जुन्या मॉडेलमध्ये डब्ल्यूपीएस बंद केलं तरी आतून चालूच राहतं, तो अजून एक त्रास.

यूपीएनपी, म्हणजे घरातलं कुठलंही डिव्हाइस राऊटरला सांगून स्वतःसाठी बाहेरचा दरवाजा उघडून घेऊ शकतं, विचारणार कोणी नाही. गेम कन्सोलवाले म्हणतील बंद केलं की मल्टीप्लेअर अडतं, तर तेवढ्या एका कन्सोलसाठी पोर्ट (असा एखादा नंबरचा दरवाजा) हाताने फॉरवर्ड करा. मी बंदच ठेवतो. आणि पोर्ट फॉरवर्डिंगची यादीही एकदा बघून घ्या, पूर्वी कधीतरी डीव्हीआरसाठी कोणीतरी उघडलेलं पोर्ट अजून तसंच सापडतं.

टीआर-०६९ हे जरा वेगळं प्रकरण आहे. इंटरनेट कंपनीला तुमचा राऊटर लांबून सेट करता यावा म्हणून ते असतं, बहुतेक वेळा ७५४७ नंबरच्या पोर्टवर. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिरायच्याच एका नव्या रूपाने या पोर्टवर धडका मारल्या आणि डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. राऊटर तुमचा स्वतःचा असेल तर बंद करा, कंपनीने दिलेला असेल तर आधी त्यांना विचारा, नाहीतर अपडेटही तिकडूनच येत असतील आणि तुम्ही तेच बंद करून बसाल.

वायफायचं थोडक्यात. सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत दिसत असेल तर ती २००१ पासूनच मोडलेली आहे, टीकेआयपी ही त्यानंतरची पद्धत पण नको. डब्ल्यूपीए२ एईएस हे किमान, डब्ल्यूपीए३ असेल तर उत्तम, जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिक्स मोड. टीव्ही, बल्ब, कॅमेरे हे गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाका, त्यांचे अपडेट तर राऊटरपेक्षाही वाईट असतात.

पुढचं काम डीएनएस, आणि हे तपासताना दोन ठिकाणी बघायचं हे लक्षात ठेवा, एक इंटरनेट किंवा वॅनच्या पेजवर आणि दुसरं लॅन (घरातलं नेटवर्क) किंवा डीएचसीपीच्या पेजवर. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, तो बदलला की तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाईप करूनसुद्धा भलतीकडेच पोचू शकता. तिथे 'ऑटोमॅटिक' असेल तर इंटरनेट कंपनीचा आहे, ८.८.८.८ गूगलचा, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, ९.९.९.९ क्वाड९ चा. या पलीकडचा कुठला अनोळखी नंबर हाताने भरलेला दिसला आणि घरात कोणी भरला नसेल, तर तो राऊटर बाधित झालाय असंच समजा.

बाहेरून काय दिसतं तेही बघून घ्या. राऊटरच्या स्टेटस पेजवरचा वॅन आयपी, म्हणजे राऊटरचा बाहेरचा पत्ता, लिहून घ्या, फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावरून तो आयपी ब्राउझरमध्ये टाका. लॉगिन पेज उघडलं तर रिमोट मॅनेजमेंट चालूच आहे, परत आत जा आणि बंद करा. हे फक्त एक-दोन पोर्टचं झालं, बाकीच्यांसाठी गिब्सन रिसर्चची शील्ड्स अप नावाची जुनी फुकट टेस्ट आहे, ती घरच्या वायफायवरून चालवायची. वॅन आयपी १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, बाहेरून थेट धडक कमी होते, पण ब्राउझरमधून होणारा हल्ला वर सांगितला तो तसाच राहतो. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) चालू असेल तर त्याचा फायरवॉल ऑन आहे ना तेही बघा, तिथे घरातल्या प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा बाहेरचा पत्ता असू शकतो.

आता समजा राऊटरमध्ये काहीतरी शिरलंय अशी शंका आली, डीएनएस बदललेला दिसला, अॅडमिन पासवर्ड चालेनासा झाला, तर नुसतं बंद-चालू करून भागत नाही. मिरायसारखं मालवेअर मेमरीत राहतं, ते रिबूटने जातं पण भोक तसंच असल्यामुळे परत येतं. २०१८ मध्ये सापडलेलं व्हीपीएनफिल्टर, जे ५४ देशांत किमान पाच लाख डिव्हाइसमध्ये होतं, त्याचा पहिला टप्पा तर रिबूटनंतरही टिकायचा. म्हणून क्रम असा ठेवा, फर्मवेअरची फाइल आधी मोबाईल डेटावरून लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग इंटरनेटची केबल राऊटरमधून काढा, मागचं रिसेटचं बारीक बटण पिनने दहा-पंधरा सेकंद दाबून फॅक्टरी रिसेट करा, केबलने लॅपटॉप जोडून फर्मवेअर घाला, नवा अॅडमिन पासवर्ड, नवा वायफाय पासवर्ड, वरच्या सगळ्या गोष्टी बंद, आणि सगळ्यात शेवटी इंटरनेटची केबल. केबल आधी लावलीत तर डिफॉल्ट पासवर्डचा ताजा रिसेट केलेला राऊटर परत उघड्यावर. आणि बॅकअप घेतलेली सेटिंग परत लोड करू नका, त्यात तो घुसवलेला डीएनएस पण परत येईल, हाताने नव्याने भरा.

राऊटर इंटरनेट कंपनीचा असेल तर त्यांच्याशी भांडायला मुद्दा तयार ठेवा. "नेट स्लो आहे" म्हटलं की रिस्टार्ट करा म्हणतात, त्याऐवजी मॉडेल आणि व्हर्जन सांगून लेखी विचारा की याला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार आहेत. उत्तर नाही आलं तर बदलून मागा. तेही नाही झालं तर त्यांचा डबा ब्रिज मोडमध्ये (नुसतं कनेक्शन पुढे देणारा) टाकून त्याच्यामागे स्वतःचा राऊटर लावता येतो.

तांत्रिक हौस असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं फुकट पर्यायी फर्मवेअर हा एक मार्ग आहे, कंपनीने सोडून दिलेल्या कित्येक मॉडेलवर ते चालतं आणि अपडेटही मिळतात. पण त्यांच्या साईटवरच्या यादीत तुमचं मॉडेल आणि व्हर्जन असलंच पाहिजे, आणि ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाले जुने राऊटर आता नव्या आवृत्त्यांत बसत नाहीत, किमान ८ आणि ६४ पाहिजेत. अपडेट मात्र तिथेही तुम्हालाच करावे लागतात, हे जमणार नसेल तर सरळ नवीन घ्या.

नवीन घेताना डब्ल्यूपीए३, ऑटो अपडेट, आणि सपोर्ट कधीपर्यंत हे तीन बघा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे की कंपनीने किमान किती काळ सिक्युरिटी अपडेट देणार ते सांगायचं आणि सगळ्यांना एकच सोपा डिफॉल्ट पासवर्ड द्यायचा नाही, त्यामुळे तिथे विकली जाणारी मॉडेल्स असतील तर कंपनीच्या ब्रिटिश साईटवर ही तारीख सापडू शकते. 'लेटेस्ट स्टॉक' म्हणून स्वस्तात मिळणारं मॉडेल कधी बाजारात आलं तेही शोधा, चार वर्षांपूर्वीचं असेल तर त्याच्या आयुष्यातली चार वर्षं दुकानातच गेलीत.

आणि जुना राऊटर वरच्या खोलीत रिपीटर (वायफाय पुढे पोचवणारा) म्हणून लावायचा मोह होतो, तो टाळा, सपोर्ट संपलेला डबा आतल्या नेटवर्कवर बसला तरी त्याची भोकं बुजत नाहीत. कोणाला देणार असाल किंवा भंगारात टाकणार असाल तर त्याआधी फॅक्टरी रिसेट कराच, त्याच्यात तुमचा वायफाय पासवर्ड आणि इंटरनेट कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड दोन्ही साठवलेले असतात.